त्या वेळी आपण काय करत होतात?

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

ही डायरी औषधांच्या एका वितरकाने ऑफिसात दिली. श्रीनिवासनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "घ्या दीपमालाताई, तुम्हाला लिहायची हौस दिसते. बगचं वर्णनसुद्धा तुम्ही 'दरम्यान' वगैरे घालून करता." मालक असले तरी ते कधी ओरडत नाहीत, एवढंच बोलतात. महिनाभर ती ड्रॉवरमध्ये पडली होती. आज घरी आणली.

ॲपची तपासणी माझ्याकडे, म्हणून सोमवारी क्रॅश रिपोर्ट वाचायचे असतात. आमचं ॲप गोळ्यांची आठवण करतं. वेळ झाली की घंटा वाजते. गोळी घेतली की माणसाने 'घेतली' हे बटण दाबायचं. ॲप मध्येच बंद पडलं, तर पुढच्या वेळी उघडताना एक खिडकी येते: 'ॲप अचानक बंद पडलं, क्षमस्व. त्या वेळी आपण काय करत होतात?' खाली लिहायला चौकट. तिथे लिहिलेलं आणि फोनची थोडी तांत्रिक माहिती असा रिपोर्ट आमच्याकडे येतो. नाव, नंबर, पत्ता काही येत नाही, फोनचा एक सांकेतिक आकडा तेवढा येतो.

खिडकीतलं ते वाक्य तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलं. बहुतेक लोक चौकट रिकामी सोडतात. काही जण शिवी देतात. आज एकाने लिहिलं होतं, 'चहा गाळत होतो.'

ॲपमध्ये काय करत होतात, असं मला विचारायचं होतं. पण माझं वाक्य वाचून पाहिलं तर चूक त्याची नाही.

घरी येईपर्यंत साडेसात झाले. स्वारगेटला बस उशिरा सुटली. आमच्या मांजरी गावात उतरले तर आज उसाच्या ट्रॉल्या नव्हत्या, रस्ता मोकळा होता. भात लावला. एकटीला पाव वाटी पुरतो, तरी हात अर्धी वाटी घेतो. आई दादाकडे वर्ध्याला दोन महिन्यांसाठी गेली, त्याला आता चौदा महिने झाले.

५ फेब्रुवारी, बुधवार

चहावाल्या फोनच्या आकड्याच्या शेवटी ४१ आहे. त्याच्याकडून आज पुन्हा रिपोर्ट. 'रेडिओवर बातम्या ऐकत होतो. आपण विचारलंत म्हणून सांगतो. सध्या दुसरं कोणी विचारत नाही.'

मी मागचे रिपोर्ट काढले. असंच बंद पडणारे एकूण सात फोन आहेत. सहा गप्प, हा एक बोलणारा. ॲप बंद पडलं की पुढच्या घंटा लागत नाहीत, ते कोणीतरी पुन्हा उघडेपर्यंत. म्हणजे सकाळी बंद पडलं, तर रात्रीच्या गोळीची घंटा वाजतच नाही. आणि घंटेवर विसंबलेल्या माणसाला वाटतं, वाजली नाही म्हणजे अजून वेळ झाली नसेल.

श्रीनिवासना सांगितलं. ते म्हणाले, "अठ्ठावन्न हजारांत सात? एवढी माणसं तर फोन पाण्यात पाडतात."

"पण हे सातजण गोळ्या चुकवतायत."

"कारण सापडलं?"

"नाही."

"मग सापडल्यावर काळजी करू."

११ फेब्रुवारी, मंगळवार

कारण सापडत नाही. एवढंच दिसतं, की ४१ चं ॲप रोज सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी बंद पडतं आणि तो ते दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्यावरच उघडतो. बाकीच्या सहांच्या वेळा वेगळ्या, पण घंटेनंतर बरोबर वीस मिनिटंच.

वीस मिनिटांत 'घेतली' दाबलं नाही, तर ॲप माणसाच्या 'जवळच्या व्यक्ती'ला निरोप पाठवतं: यांनी गोळी घेतलेली दिसत नाही, कृपया चौकशी करा. तिथेच काहीतरी होत असणार. पण आमच्या अकरा टेस्ट फोनांवर निरोप नीट जातो. मला तर माहीतच आहे, कारण अकराही फोनांत जवळची व्यक्ती म्हणून माझाच नंबर आहे. पहिल्यापासून अशीच पद्धत आहे. कोणीतरी एक नंबर हवा होता. दिवसभर माझा फोन वाजत राहतो, अमक्याने गोळी घेतली नाही, तमक्याने घेतली नाही. आमच्याकडे कोड लिहिते ती अवनी म्हणते, "ताई, तुम्ही सगळ्यांच्या इमर्जन्सी कॉन्टॅक्ट आहात."

मी स्वतः थायरॉइडच्या गोळीसाठी हेच ॲप वापरते. त्यात जवळची व्यक्ती म्हणून मी माझाच नंबर टाकलाय. तपासायला सोपं पडतं.

४१ चा आजचा मजकूर: 'गॅलरीत बसून समोरच्यांचं भांडण ऐकत होतो. निकाल लागला नाही.'

भाषा नक्की सदाशिव पेठेतली. आमचं ऑफिसही तिथेच, एका दवाखान्याच्या वर. हल्ली स्वारगेटहून मी आतल्या गल्ल्यांतून चालत जाते. थोडं लांब पडतं, पण चालणं चांगलं. आज एका गॅलरीत एक आजोबा रेडिओ घेऊन बसले होते. पुढच्या गल्लीतही एक होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

त्याला विचारायचं कसं? रिपोर्टला उत्तर देता येत नाही, रस्ता एकाच बाजूने चालतो. मग सुचलं की खिडकीतला प्रश्न तर बदलता येतो. आज छोटं अपडेट जायचं होतं, त्यात मी वाक्य बदललं. 'ॲप पुन्हा बंद पडलं, क्षमस्व. तब्येत बरी आहे ना? गोळी घेतल्यावर "घेतली" हे बटण दाबलं होतं का?'

तब्येतीचं तिथे घालायला नको होतं. पण एकदम बटणाचं विचारणं उद्धट वाटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तरं आली. एकाचं नाही, चौघांची. इतके दिवस गप्प असलेल्या फोनांतूनसुद्धा.

'बरी नाही, पण त्यात ॲपचा दोष नाही.'

'विचारल्याबद्दल धन्यवाद. बटण कुठे असतं?'

'दाबलं नाही चष्मा सापडत नव्हता. जवळची व्यक्ती म्हणून जाऊबाईंचं नाव होतं ते फोनमधून काढून टाकलं. कारण त्यांना माहीत आहे.'

आणि ४१: 'तब्येत बरी. आपली? गोळी घेतो, बटण दाबत नाही. दाबून कोणाला सांगायचं?'

'आपली?' असं लिहिलंय. मी दोनदा वाचलं.

बाराच्या सुमारास श्रीनिवासनी बोलावलं. त्यांच्या मेहुण्याच्या फोनवर ॲप दुसऱ्याच कारणाने बंद पडलं आणि त्याला खिडकी दिसली. "त्याने मला विचारलं, तुमचं ॲप माझ्या तब्येतीची चौकशी का करतंय? मी काय सांगू? दीपमालाताई, आपण औषधांचं ॲप चालवतो की पत्रमैत्री?"

मी म्हटलं, "चार जणांनी उत्तर दिलं. तीन वर्षांत एवढी कधी आली नव्हती."

त्यांनी चष्मा पुसला. "कारण सापडेपर्यंत राहू दे. नंतर काढा."

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. पडदे धुतले. आईची गादी गच्चीत उन्हात टाकली. मार्चनंतर वर्ध्याचं ऊन तिला सोसत नाही, त्याआधी ती येईल.

दुपारी तिचा फोन आला. "काय करून रायली व?"

"गादी टाकली तुझी उन्हात."

"कायले? इथं नवीन घेतली न दादानं. कापसाची. ते जुनी देऊन टाक कोणाले."

"इकडे आल्यावर लागेल ना."

"हो, ते बी आहे," आई म्हणाली. मग मागे पोरांचा आवाज आला आणि ती म्हणाली, "ठेवतो मी, पोरायले खाऊ द्यायचं हाय." फोन लवकर संपला, पण आवाज छान वाटला तिचा. संध्याकाळी गादी खाली आणली. बरीच जड आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं. जाऊबाईंमुळे सापडलं.

सकाळी एक टेस्ट फोन घेतला, त्यातल्या फोनबुकातून माझं नाव काढून टाकलं आणि अकराची गोळी लावली. अकराला घंटा वाजली. बटण दाबलं नाही. मी आणि अवनी फोन मध्ये ठेवून बसलो. तिने डब्यातली शंकरपाळी काढली. अकरा वीसला पडदा काळा झाला आणि ॲप बंद पडलं.

ॲप जवळच्या व्यक्तीला शोधायला जातं. ती फोनबुकात नसली की त्याला पुढे काय करायचं ते कळत नाही.

अवनी म्हणाली, "ताई, म्हणजे आपण 'कोणीच नाही' ही केस टेस्टच केली नाही कधी."

"नाही केली."

"पण सुचलं कसं नाही? तीन वर्षं."

मी म्हटलं, सगळीकडे माझंच नाव होतं ना, म्हणून.

तर सात फोन म्हणजे सात माणसं. कोणी नंबर काढून टाकला, कोणाचा काढावा लागला. ४१ ने कोणाचा काढला असेल? 'दाबून कोणाला सांगायचं', असं तो म्हणतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चार वाजता अवनीची दुरुस्ती तयार झाली. चार ओळींची. जवळची व्यक्ती सापडली नाही, तर निरोप सोडून द्यायचा आणि पुढची घंटा लावायची. आता मी तपासून हिरवी खूण दिली की अपडेट लोकांच्या फोनवर जाईल. ही खूण फक्त मी देते.

मी श्रीनिवासना म्हटलं, "निरोप सोडून देण्यापेक्षा, ज्यांचं कोणी नाही त्यांचा निरोप ऑफिसच्या एखाद्या नंबरवर घेता येईल."

"कोणाच्या?"

"माझ्या."

"आणि रविवारी?"

"रविवारीही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, आपण घंटा वाजवतो. नातेवाईक पुरवत नाही." मग जरा सावकाश म्हणाले, "उद्या तुम्ही झोपलेल्या असताना निरोप आला आणि त्या माणसाचं काही झालं, तर? तुम्हाला सहन होईल का ते?"

त्यांचं बरोबर असेल. दुरुस्ती आहे तशीच जाणार.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अकराही फोन पुन्हा तपासायला घेतले. घाईने खूण देणं माझ्या स्वभावात नाही.

४१: 'आज आपल्याला मोठं उत्तर लिहायचं होतं, पण आपण जागा फार थोडी ठेवली आहे. तात्पर्य, झोप बरी लागली. स्वप्नात आमच्या बँकेतला शिपाई आला आणि म्हणाला साहेब किल्ली'

तिथेच जागा संपली. मी चौकटीची मर्यादा वाढवायची नोंद केली, पुढच्या अपडेटसाठी. नोंद केल्यावर लक्षात आलं की दुरुस्ती गेली की ही खिडकी त्याच्याकडे येणारच नाही. किल्लीचं काय झालं ते राहूनच जाईल.

दुरुस्ती सगळीकडे नीट चालली. पण एका जुन्या फोनवर बॅटरी कमी असताना एकदा पाहायला हवं. उद्या महाशिवरात्रीची सुट्टी, म्हणजे परवा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी नऊला रिपोर्ट वाचले. ४१: 'रात्रीची गोळी राहिली असावी. पाकिटातल्या मोजल्या, एक जास्त निघाली. तब्येत बरी. शिपाई परत आला नाही.'

तो शिपायाचं पुढे सांगतोय, म्हणजे वाचणारं कोणीतरी एकच आहे हे त्याने धरलंय.

अवनी दोनदा येऊन गेली. "ताई, काय अडलंय? मला सांगा ना, मी करून देते."

"बॅटरीचं बघतेय."

"पण त्याचा आणि ह्याचा काय संबंध?"

तिचा आवाज साधाच होता, पण मला राग आला. म्हटलं, "अगं, तपासणी माझं काम आहे ना? मग मला करू दे." ती गेली. तिने डबा माझ्याबरोबर खाल्ला नाही.

संध्याकाळी खूण देणार होते, पण श्रीनिवास लवकर निघून गेले होते. त्यांना एकदा सांगून दिलेलं बरं. उद्या सकाळी पहिलं काम.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

४१: 'काल रात्रीची पुन्हा राहिली. पहाटे चक्कर येऊन मोरीत पडलो. कपाळाला लागलं आहे, फार नाही. अर्धा तास उठता आलं नाही, मग उठलो. तब्येत विचारलीत म्हणून लिहितो.'

खांद्यावरची पिशवी न काढता, उभ्यानेच खूण दिली. नऊ वाजून सात मिनिटं झाली होती. श्रीनिवास अजून आलेले नव्हते.

दिवसभर दुसरं काही झालं नाही.

३ मार्च, सोमवार

सातपैकी तीन फोनांवर अपडेट पोहोचलं. कोणते तीन, ते दिसत नाही, नुसता आकडा दिसतो. ४१ कडून शनिवारी नाही, रविवारी नाही, आज नाही. त्याच्याकडे अपडेट पोहोचलं असेल तर काही येणार नाही. आणि तो पुन्हा पडला असेल, तरीही काही येणार नाही.

अवनीला विचारलं, "नोंदणीच्या यादीशी हा आकडा जुळवून नंबर काढता येईल?"

"पाच मिनिटांचं काम आहे." तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "पण ताई, माणूस कोण आहे ते आपण बघायचं नाही, असं तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ते नियमाचं पान तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो."

"काढू का?"

खिडकीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, आपली ओळख आम्हाला कळत नाही. त्या ओळीवर भरवसा ठेवून तो शिपायाबद्दल लिहीत होता. मी नको म्हटलं. गुरुवारच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "अहो ताई, एवढं काय," आणि डबा घेऊन आली.

येताना आतल्या गल्ल्यांतून आले. गॅलऱ्यांत बरेच आजोबा दिसतात. कपाळाला पट्टी असलेले कोणी नव्हते. रस्त्यात उभं राहून अशी किती वेळ पाहणार? एका बाईंनी विचारलंच, "कोण हवंय?" मी काही नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग बघताय काय? इथे भाड्याने काही नाही."

५ मार्च, बुधवार

सातपैकी सहा.

एक राहिला. तो त्याचाच असेल असं दिवसभर वाटत राहिलं. आईचा फोन आला तेव्हा मी पडद्याकडेच पाहत होते. "काय करून रायली?" तिने विचारलं. मी म्हटलं, "वाट पाहतेय एका आकड्याची." ती म्हणाली, "बरं," आणि मागे ओरडणाऱ्या पोरांना बाहेर पिटाळलं. मग म्हणाली, "मी नाही येत आता पुण्याले, बाई. राग नको धरू." मी म्हटलं, माहीत आहे. म्हटल्यावर कळलं, की खरंच माहीत होतं.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी दहाला सातपैकी सात.

म्हणजे त्याचा फोन चालू आहे, कोणीतरी तो चार्ज केलाय. एवढं कळतं. फोन कोणाच्या हातात आहे, ते आकडा सांगत नाही.

बग बंद करताना एक नमुना भरावा लागतो. कारण, उपाय, आणि उशीर झाला असल्यास त्याचं कारण. तिसऱ्या रकान्यात सगळे 'लागू नाही' लिहितात. मीही तेच लिहिलं. दुपारी पुन्हा उघडून खोडलं आणि लिहिलं: 'दुरुस्ती सोमवारी तयार होती. मंगळवारी तपासून झाली. मी शुक्रवारी मंजूर केली. मधल्या दिवसांत तपासण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्या काळात एक वापरकर्ता गोळी चुकल्याने पडला.'

नमुना बंद केला की बदलता येत नाही. बंद करायचं बटण दाबून घरी आले.

१० मार्च, सोमवार

श्रीनिवासनी अकराला केबिनमध्ये बोलावलं. नमुना त्यांच्यासमोर उघडा होता.

"हे काय लिहिलंत?"

"झालं ते."

"हे अहवाल मोठे ग्राहक मागवून वाचतात. माहीत आहे ना?"

"हो."

"काही राहिलं नव्हतं, तर थांबलात कशाला?"

मी पडद्यावरचा नमुना पुन्हा एकदा वाचला. मग म्हटलं, "मला रोज सकाळी त्याचा एक रिपोर्ट येत होता."

ते काही विनोद करतील असं वाटलं होतं. त्यांनी केला नाही. बाहेर दवाखान्याच्या जिन्यावर कोणीतरी नंबर पुकारत होतं. ते म्हणाले, "हे वाक्य कुठे लिहू नका. बाकीचं आहे तसं राहू दे. ग्राहकांनी विचारलं तर मी उत्तर देईन." मग चष्मा घालून म्हणाले, "आणि खूण द्यायला तुमच्याबरोबर आता अवनीही असेल. दोघींची लागेल."

मी म्हटलं, ठीक आहे. खरं तर बरंच वाटलं.

खिडकीतला प्रश्नही आज पहिल्यासारखा करून टाकला.

११ मार्च, मंगळवार

सात वाजून वीस मिनिटांनी मी बसमध्ये होते, मांजरीच्या फाटकाजवळ. आगगाडी जाईपर्यंत गाडी उभी होती. आत्ता त्याची घंटा वाजून वीस मिनिटं झाली असतील. ॲप त्याच्या माणसाला शोधेल, सापडणार नाही, आणि कुरकुर न करता रात्री नऊची घंटा लावून ठेवेल. त्याने गोळी घेतली असेल किंवा नसेल. काही झालं तरी मला कळणार नाही, आणि सगळं ठीक असलं तरीही कळणार नाही.

फाटक उघडलं. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी पिशवी मांडीवर घेऊन मला जागा करून दिली आणि मी बसले.